वजन जास्त आहे, मग रेसिंगची शिडाची होडी कोणती घ्यावी? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, मी आणि माझा मेहुणा दोघं मिळून एक रेसिंगची शिडाची होडी घ्यायची म्हणायलोत. मी नोकरीला हैदराबादला होतो तेव्हा हुसेनसागरावर शिकलो, मेहुणा मुंबईत शिकला. आता दोघं पण छत्रपती संभाजीनगरला आहोत, त्यामुळं पैठणला नाथसागरावर सराव करायचा आणि वर्षातून एक-दोन वेळा बाहेर रेसला जायचं असा विचार आहे. अडचण अशी की माझं वजन ९४ किलो आणि त्याचं ७८, म्हणजे दोघांचं मिळून १७२. एक जुनी एंटरप्राईज चांगल्या भावात मिळायली पण ओळखीतले म्हणतेत की तुम्ही दोघं बसल्यावर ती जागची हलायची नाही. काय करावं?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : भाऊ, ओळखीतले सांगतात ते निम्मं खरं आहे, पण निम्मंच. वारा मंद असला तर जड जोडी मागं पडते, वारा चांगला असला तर तीच जोडी पुढं निघते. म्हणून आधी होडी बघू नका, आधी हे ठरवा की रेस कोणत्या महिन्यात आणि कुणाच्या विरुद्ध करायची, मग वजनाचा हिशोब आपोआप लागतो.

वजनानं नेमकं काय होतं ते सांगते. एवढ्या लहान होडीचा पाण्याला टेकलेला भाग ढोबळमानानं ३ चौरस मीटर धरला तर ३० किलो जास्त वजनानं ती साधारण एक सेंटीमीटर जास्त बुडते. ऐकायला एक सेंटीमीटर काहीच नाही, पण तेवढ्यानं ओला भाग वाढतो आणि मुख्य म्हणजे होडीची मागची कड पाण्यात घुसते, मग मागं पाणी खळखळत ओढलं जातं आणि ५-६ नॉटच्या वाऱ्यात (म्हणजे ताशी दहा किलोमीटरच्या आसपास) शिडात जी थोडीफार ताकद असते ती सगळी त्या खळखळीतच जाते. उलट वारा १२-१५ नॉटच्या वर गेला की प्रश्न वेगळाच होतो, तेव्हा होडी कलंडू न देणं हेच काम असतं आणि तिथं कडेवर बसून मागं झुकणारं वजन म्हणजेच इंजिन. हलकी जोडी शिड सोडून देऊन वारा वाया घालवत असते तेव्हा तुम्ही शिड ताणून धरू शकता. बीटवर, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर टॅक मारत (बाजू बदलत, तिरकं तिरकं) जाताना, हा फरक स्पष्ट दिसतो. वारा पाठीवर घेऊन जाताना मात्र हलके लोक परत जवळ येतात, कारण त्यांची होडी लवकर प्लेन होते, म्हणजे पाणी कापायचं सोडून पाण्यावरून घसरायला लागते.

आता तुमच्या जोडीचा हिशोब. एंटरप्राईज १९५६ची जॅक होल्टची डिझाईन, ४.०४ मीटर लांब, हल (होडीचं नुसतं अंग) साधारण ९० किलो, निळी शिडं, स्पिनेकर (वारा पाठीवर असताना लावायचं फुगीर शिड) नाही. या क्लासमध्ये, म्हणजे एकाच प्रकारच्या होड्यांच्या गटात, पुढं राहणाऱ्या जोड्या बहुतेक १२० ते १४० किलोच्या पट्ट्यात असतात. डोलकाठी, शिडं, बोर्ड (होडीखाली पाण्यात उतरणारी फळी) सगळं धरून होडी ११५ किलो समजा, वर १३० किलोची जोडी, झाले २४५. तुम्ही बसलात की २८७, म्हणजे एकूण वजन १७ टक्के जास्त. हाच हिशोब जीपी-१४ ला लावा. ती पण जॅक होल्टचीच, १९४९ची, हलच १३३ किलोचा आणि तिच्यात नेहमीची जोडी १४५ किलोची धरली तर तुमच्यामुळं ९ टक्क्यांच्या आतच वाढ होते. वेफेअररला तर त्याहून कमी, ती ४.८२ मीटर लांब आणि हल १६९ किलोचा. म्हणजे होडी जितकी मूळची जड आणि लांब तितकं तुमचं जास्तीचं वजन तिला कमी जाणवतं. वेफेअरर किती दणकट असते बघायचं तर फ्रँक डाय नावाचा इंग्रज १९६३ ला तीच उघडी होडी घेऊन स्कॉटलंडहून आईसलंडला गेला होता, आणि पुढच्या वर्षी नॉर्वेला.

मग वेफेअररच घ्या असं सरळ सांगून मोकळं व्हावं का? नाही, कारण होडी एकटी रेस करत नाही. तिच्यासारख्या आणखी चार-पाच होड्या समोर पाहिजेत. नाहीतर हँडिकॅपवर धावावं लागतं, म्हणजे प्रत्येक होडीला एक नंबर दिलेला असतो, तुमची वेळ गुणिले १००० भागिले तो नंबर. होडीचा नंबर ११०० असेल आणि तुम्ही ६६ मिनिटांत आलात तर हिशोबात ६० धरतात. चांगली सोय आहे, पण हा नंबर होडीचा असतो, आत बसलेल्या माणसांच्या वजनाचा त्यात काहीच विचार नसतो, त्यामुळं मंद वाऱ्यात जड जोडीचं जे नुकसान होतं ते हँडिकॅपनं भरून येत नाही. हैदराबादच्या मोठ्या रेस जुलै-ऑगस्टच्या सुमारास पावसाळी वाऱ्यात होतात, वारा तुमच्या वजनाला एकदम सूट होणारा, पण तिथं लेझर या एकट्यानं चालवायच्या होडीचा ताफा मोठा असतो आणि मुलांच्या ऑप्टिमिस्ट होड्या असतात, दोघांच्या होडीचा क्लास आहे का ते आधी फोन करून विचारा. एंटरप्राईज आपल्याकडं जुनी रुळलेली आहे, सैन्याच्या आणि क्लबांच्या ताफ्यात वर्षानुवर्षं आहे, १९८२ च्या एशियाडला मुंबईत जे चार क्लास होते त्यात पण ती होती (त्याच एशियाडला फायरबॉल क्लासमध्ये फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण दिलं). म्हणजे पार्ट, जुनी शिडं, दुरुस्ती माहीत असलेला माणूस हे सगळं एंटरप्राईजला मिळतं, वेफेअररला आपल्याकडं शोधत बसावं लागेल.

आता नाथसागराचं बघा, कारण सराव तिथं करणार. आपली खरी अडचण ही की पाणी भरपूर असतं तेव्हा वारा नसतो आणि वारा असतो तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं. धरण भरतं ऑगस्ट-सप्टेंबरात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला कडेपर्यंत पाणी आणि वारा मात्र दुपारी कसाबसा झुळूक देतो, तो महिना जड जोडीला कंटाळा आणणारा. मे-जून-जुलैला पश्चिमेकडून मस्त दणकून वारा सुटतो पण तेव्हा जायकवाडी किती टक्क्यांवर आलेलं असतं हे आपण रोज पेपरात बघतोच. पाणी खाली गेलं की गाळ, बुडालेल्या येड्या बाभळीचे खुंट, जुन्या गावांच्या भिंती वर येतात किंवा वर यायच्या बेतात असतात, आणि ते दिसत नाही तेच जास्त वाईट. म्हणून माझ्या मते तुमच्यासाठी वजनाइतकाच महत्त्वाचा मुद्दा बोर्डाचा आहे. एंटरप्राईज, जीपी-१४, वेफेअरर या तिघींना बिजागरीवर फिरणारा सेंटरबोर्ड असतो, खुंटाला धडकला की आपोआप वर उचलला जातो. लेझरसारख्या होडीचा डॅगरबोर्ड सरळ वरून खोचलेला असतो, तो धडकला की जागेवर अडतो, होडी थांबते आणि माणूस पुढं जातो, शिवाय बोर्डाची खाच फुटते. उन्हाळ्यात सराव करायचा असेल तर हा फरक दोन-तीन किलो वजनापेक्षा मोठा.

तर सरळ सांगायचं तर मी तुमच्या जागी असते तर ती एंटरप्राईज घेतली असती, दोन अटींवर. एक, डिसेंबरच्या मंद वाऱ्यात पहिला नंबर यावा ही अपेक्षा ठेवायची नाही, पावसाळी रेस धरायच्या. दोन, होडी कोरडी असली पाहिजे. तुमचं वजन आधीच जास्त, त्यात हलनं दहा-पंधरा किलो पाणी पिऊन ठेवलेलं असेल तर मग ओळखीतल्यांचं म्हणणं खरं होईल. हे तपासणं अवघड नाही. मागच्या बाजूला हवेच्या टाक्यांची बुचं असतात ती काढा, होडीचं नाक उचलून पाच मिनिटं तिरकी धरा आणि किती पाणी निघतं बघा, पेलाभर निघालं तर चालतं, बादली लागली तर ती टाकी कुठंतरी गळतेय. मग डेकवर आणि बसायच्या कडेवर अंगठ्यानं जोर देत फिरा, जिथं कार्डबोर्डसारखं आत जाईल तिथं आतली भरावाची फळी कुजली आहे आणि नेमकं तिथंच तुम्ही ९४ किलोंनी बसणार आहात. सेंटरबोर्डच्या पेटीचा जोड तळाशी जिथं मिळतो तिथं तडे बघा. आणि पाय अडकवायचे पट्टे, ज्यांच्या जोरावर आपण बाहेर झुकतो, त्यांचे स्क्रू, दोरी, शिलाई सगळं होडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात नवीन करा, भाव कितीही चांगला मिळाला असला तरी. जड माणसाच्या खाली पट्टा तुटला की तो पाठीवर पाण्यात, आणि होडी त्याच झटक्यात दुसरीकडं. शक्य झालं तर एका वजनकाट्यावर रिकामा हल ठेवून बघा, आपल्याकडं काटे काय कमी नाहीत, आडतीवाले नाही म्हणणार नाहीत.

बसायचं कसं हे पण सांगते, कारण इथं खूप जण वेळ वाया घालवतात. मंद वाऱ्यात तुम्ही दोघं पुढं सरका, मधल्या फळीला चिकटून, म्हणजे मागची कड पाण्याच्या वर निघते, आणि होडी थोडी वाऱ्याच्या खालच्या बाजूला कललेली ठेवा, त्यानं ओला भाग कमी होतो आणि शिड आपल्याच वजनानं आकार घेतं. सुकाणूवर ७८ किलोवाल्याला बसवा आणि तुम्ही पुढं जिबवर, म्हणजे पुढच्या लहान शिडावर, या. मागं हलका माणूस असला की मागची कड कमी बुडते, आणि वारा वाढला की तुमचं वजन होडी जिथं सगळ्यात रुंद असते तिथंच बाहेर लटकतं. मेहुणे-मेहुणे असल्यामुळं सुकाणूवर कोण यावरून वाद होणार हे मला माहीत आहे, पण वजनाचं उत्तर हेच आहे. शिडाच्या बाबतीत एकच, जड जोडीला थोडं पोटवालं म्हणजे खोल कापलेलं मेनसेल (मुख्य शिड) आणि जरा ताठ डोलकाठी चालते, फार वाकणारी डोलकाठी शिड चपटं करून ताकद घालवते आणि ती ताकद तुम्हाला लागते.

आणि एक, नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित आणि बदकांचे थवे उतरतात. जलसंपदा आणि वनविभाग दोघांना लेखी विचारल्याशिवाय होडी पाण्यात टाकू नका. बॅकवॉटरच्या कडेला शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबली पाण्यातून गेलेल्या असतात, पाणी हटेल तशा त्या पुढं सरकवतात, त्यांच्यापासून लांब राहा. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते, ती उभी करण्याआधी वर विजेची तार आहे का ते बघायचं, हे प्रत्येक वेळी.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे, वजन १०१ किलो, उंची सहा फूट, जिम करतो त्यामुळं वजन चरबीचं नाही. एकट्याच्या होडीत रेस करायची आहे. कुणी म्हणतं लेझर घे, कुणी म्हणतं तुला फिनच पाहिजे. फिन चांगली असते का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : फिन तुमच्यासारख्यांसाठीच बनलेली होडी आहे दादा, यात शंका नाही. १९४९ ला रिकार्ड सार्बी या स्वीडिश माणसानं काढली, ४.५ मीटर लांब, जड हल, मोठं एकच शिड, आणि ती चालवणारे चांगले लोक ८५ ते ११० किलोचे. डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमनं १९५२, ५६, ६० असे लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्ण फिनमध्येच घेतले. बेन एन्स्ली २००० ला सिडनीत लेझरमध्ये सुवर्ण जिंकला आणि मग फिनमध्ये जायचं म्हणून त्यानं मुद्दाम वजन वाढवलं, पुढचे तीन सुवर्ण तिथं. आपला नछत्तर सिंग जोहल २००८ ला बीजिंगला फिनमध्येच उतरला होता. पण टोकियोनंतर फिन ऑलिम्पिकमधून काढली, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ९५-१०० किलोच्या धडधाकट पोराला एकट्यानं ऑलिम्पिकला जायला आता डिंगीत (लहान शिडाच्या होडीत) खास जागाच उरली नाही.

तरी पण आज नांदेडात बसून फिन घ्या असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं त्या हातावर मोजण्याइतक्या आणि रेस करायला समोर कोणी नाही. लेझर (आता तिचं नाव आयएलसीए ७) ४.२ मीटरची, हल ५९ किलोचा, शिड ७.०६ चौरस मीटर, आणि तिला ८०-८५ किलोचा माणूस सगळ्यात मानवतो. म्हणजे तुम्ही १५-२० किलोनी जास्त. लेझरची अडचण ही की सगळं ठरलेलं असतं, डोलकाठी तीच, शिड तेच, वजनाप्रमाणं काही बदलता येत नाही. फिनमध्ये उलट, आपल्या वजनाला साजेशी डोलकाठी आणि तिला जुळणारं शिड कापून घेतात, तिथं जड माणूस होडीला आपल्यासारखी करून घेतो.

तरीही लेझरच घ्या. कारण हैदराबाद तुम्हाला जवळ, तिथं लेझरचा ताफा मोठा, पावसाळ्यात वारा दणकट, आणि १५ नॉटच्या पुढं बीटवर १०१ किलोचा फिट माणूस कुणालाही जड जातो, बाकीचे थकून आत येतात तेव्हा तुम्ही अजून बाहेर झुकलेले असता. मात्र झुकायचं म्हणजे पाय सरळ, मांड्यांवर, पोट आत. जिममध्ये तुम्ही बेंच आणि डेडलिफ्ट करत असाल तर त्याला मांडीची स्थिर ताकद जोडा, घरी एखाद्या बाकड्याखाली पट्टा बांधून झुकून राहायची सवय करा, एल्व्हस्ट्रॉम पण घरी असंच करायचा. मंद वाऱ्यात पार पुढं, बोर्डाला गुडघे टेकतील इतकं पुढं बसा, आणि शिडाचा खालचा भाग इतरांपेक्षा थोडा सैल ठेवा. आणि अंगात जागच्या जागी न हलण्याचा संयम पाहिजे, जड माणूस होडीत इकडून तिकडं सरकला की प्रत्येक वेळी वेग मोडतो.

ओके डिंगी मिळाली तर तिचा पण विचार करा, चार मीटरची, ७२ किलोचा हल, लेझर आणि फिनच्या मधली, ९० किलोवाल्यांना पण तिच्यात चांगलं धावता येतं. ती पण ८२ च्या एशियाडला होती, आणि कुठल्यातरी क्लबच्या शेडमध्ये एखादी धूळ खात पडलेली असू शकते. विष्णुपुरीच्या पाण्यावर सराव करणार असाल तर एक लक्षात घ्या, पाणी लांब पण अरुंद आहे, काठाच्या झाडांवरून वारा झटक्याझटक्यानं येतो, तिथं वेगापेक्षा टॅक मारायचा सराव भरपूर होईल. तेवढं पुरे आहे, टॅक चांगला झाला की वजनाचा निम्मा तोटा भरून निघतो.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची, वजन ५४ किलो. मामाकडं भोपाळला सुट्टीत ती ऑप्टिमिस्ट चालवायला शिकली आणि तिला ते फार आवडलंय. पण तिथल्या एकानं सांगितलं की ही या होडीला जड आहे, जेवण कमी करा. ती आता भाकरी अर्धीच खायली. मी काय करू?
— एक आई, जालना

उत्तर : ताई, आधी तिला पोटभर जेवू घाला. वाढत्या वयाच्या मुलीनं होडीसाठी वजन कमी करायचं नसतं, होडी बदलायची असते, आणि हे मी अगदी ठामपणे सांगते. जी व्यक्ती मुलीला उपाशी ठेवायला सांगते तिचा सल्ला घेऊ नका.

ऑप्टिमिस्ट ही अडीच मीटरपेक्षाही लहान, ३५ किलोची पेटीसारखी होडी आहे, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. ५४ किलोला ती तोकडी पडायला लागते हे खरं, आणि उंची वाढली की गुडघे पण मावत नाहीत. याचा अर्थ एवढाच की तुमची मुलगी पुढच्या होडीला तयार झाली. ती पुढची होडी म्हणजे आयएलसीए ४, लेझरचाच लहान शिडाचा प्रकार, शिड ४.७ चौरस मीटरचं, आणि पन्नास-साठ किलोच्या मुलामुलींना ती छान बसते. यातला फायदा असा की हल तोच ५९ किलोचा, मोठी झाली की डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शिड बदललं की तीच होडी आयएलसीए ६ होते, ५.७६ चौरस मीटरची. दर दोन वर्षांनी नवी होडी घ्यायची गरज नाही. कुणी मैत्रीण जोडीला असेल तर ४२० नावाची दोघांची होडी पण चांगली, दोघींची मिळून ११० किलोच्या आसपास असली की मस्त.

२०२३ च्या हांगझोऊ एशियाडला आयएलसीए ४ मध्येच मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या नेहा ठाकूरनं रौप्य घेतलं. ती शेतकऱ्याची मुलगी, समुद्र नाही की काही नाही, भोपाळच्या तलावावरच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिकून तिथपर्यंत गेली. तुमची मुलगी त्याच गावाला सुट्टीत जाते, म्हणजे मामाला सांगून त्या शाळेत आयएलसीए ४ वर बसवून बघायला काय हरकत आहे. पहिले काही दिवस होडी सारखी उलटेल, वजन कमी म्हणून नाही, नवीन म्हणून, तेवढं तिला सांगून ठेवा.

आणि लाईफ जॅकेट तिचं स्वतःचं घ्या, ऑप्टिमिस्टचं जुनं चालवू नका. छातीच्या मापावर घ्यायचं, सगळे पट्टे आवळून लावायचे, मग तुम्ही मागून दोन्ही खांद्यांना धरून वर ओढा. जॅकेट वर सरकून कानाला लागलं तर साईज मोठा आहे, दुकानदार काहीही म्हणो, एक नंबर लहान मागा.